विज्ञानासाठी जाहीरपणे बोलणाऱ्या शास्त्रज्ञाचा सन्मान सोलापुरात कसा करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेचं अमृतमहोत्सवी वर्ष आहे आणि यंदापासून दरवर्षी एका शास्त्रज्ञाला पुरस्कार द्यायचा आहे. संशोधनाला पुरेसा पैसा मिळावा, शाळेत विज्ञान नीट शिकवलं जावं, यासाठी जो चार लोकांत उभा राहून बोलतो, अशा शास्त्रज्ञाला. त्यावर तुम्ही विचारलंय की पुरस्काराला डॉ. जयंत नारळीकरांचं नाव द्यावं का, रक्कम एक लाख ठेवावी का, २८ फेब्रुवारीला हुतात्मा स्मृती मंदिर घ्यावं का, आणि प्रमुख पाहुणे कोण बोलवावेत.

सोलापुरात भौतिकशास्त्र शिकवण्यात आणि शाळा-कॉलेजांसाठी विज्ञानाची व्याख्यानं, प्रदर्शनं, सत्कार जुळवण्यात माझं आयुष्य गेलं. त्या जोरावर सांगतो, की नाव, रक्कम आणि सभागृह सगळ्यात शेवटी ठरवा. खरी अडचण वेगळीच आहे. संशोधनाचा सत्कार करायला आपल्याला जमतं. पदव्या, शोधनिबंध, पदकं यांची यादी वाचली, शाल घातली, झालं. पण बोलण्याचा, भूमिकेचा सत्कार करायचा तर हा माणूस नेमकं काय म्हणाला, कोणाला म्हणाला, आणि त्यातलं आपण सोलापुरात काय करणार आहोत, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांपैकी निम्मे आपोआप सुटतील.

निवडीपासून सुरुवात करू. निवड समितीपुढे तीन प्रकारची नावं येतील: उत्तम संशोधक, उत्तम वक्ते, आणि धोरणाबद्दल बोलणारे. तिन्ही गुण एकाच माणसात असू शकतात, पण तुमचा पुरस्कार तिसऱ्यासाठी आहे. म्हणून प्रत्येक नावामागे एकच पान मागवा आणि त्यावर एवढंच असू द्या: भूमिका काय होती, कधी आणि कुठे मांडली, ती मांडताना काय पणाला लागलं, पुढे काय झालं. बायोडाटा जोडूच नका. तो आला की समितीची नजर पदकांकडे वळते आणि चर्चा तिथेच संपते.

ही भूमिका किती निरनिराळ्या तऱ्हांची असते, ते पाहा. प्रा. यशपाल विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नंतर त्यांच्या समितीने १९९३ साली शाळकरी मुलांच्या डोक्यावरच्या ओझ्याविषयी अहवाल दिला. त्यांचा रोख दप्तराच्या वजनापेक्षा न समजता केलेल्या पाठांतराच्या ओझ्यावर जास्त होता. पुढे छत्तीसगडमध्ये एका कायद्याच्या आधारे शंभराहून अधिक खासगी विद्यापीठं कागदोपत्री उभी राहिली, तेव्हा हेच गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००५ साली त्या कायद्यातली मूळ कलमं रद्द झाली. दुसरीकडे हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावर संशोधन करणाऱ्या संस्थेचे संस्थापक डॉ. पुष्प भार्गव. विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम विज्ञान म्हणून शिकवायला त्यांनी न्यायालयात विरोध केला आणि २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. एक जिंकले, एक हरले. तुमच्या समितीने दोघांनाही सारखंच पात्र धरावं असं मला मनापासून वाटतं. यश हा निकष ठेवलात तर फक्त सोप्या लढाया लढणाऱ्यांचेच सत्कार होत राहतील.

नारळीकरांची तऱ्हा आणखी निराळी. कुंडलीवरून मुलगा हुशार की मतिमंद हे सांगता येतं का, हे तपासायला त्यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांबरोबर २००८ साली महाराष्ट्रात चाचणी घेतली. दोन्ही गटांतल्या शंभर-शंभर मुलांच्या कुंडल्या जमवल्या आणि त्यांतल्या एकूण चाळीस प्रत्येक ज्योतिषाला पाठवल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि त्यांतली सुमारे ४६ टक्के बरोबर निघाली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर यावीत. यात त्यांनी कोणाला शिव्या दिल्या नाहीत, कोणाच्या श्रद्धेवर भाषण ठोकलं नाही. चाचणी कशी आखायची हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवलं आणि निकाल छापला. माझ्या लेखी विज्ञानशिक्षणाच्या बाजूने केलेलं हे एक फार मोठं जाहीर विधान आहे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथेच सांगून टाकतो. तुमचा सन्मान निवृत्त शास्त्रज्ञाला आहे की नोकरीतल्या, यावर बरंच काही ठरतं. केंद्र सरकारच्या सेवेतल्या माणसाला १९६४ च्या वर्तणूक नियमांतल्या चौदाव्या नियमाप्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय मानपत्र स्वीकारता येत नाही, की आपल्या सत्कारासाठी भरवलेल्या सभेला जाता येत नाही. बऱ्याच स्वायत्त संशोधन संस्थाही हेच नियम लावतात. खासगी संस्थेच्या रोख रकमेला परवानगी मिळणं तर आणखी अवघड. म्हणून पहिलं पत्र शास्त्रज्ञाला गेलं, की लगेच त्यांच्या सल्ल्याने त्यांच्या संचालकांनाही पत्र द्या, आणि परवानगी हातात आल्याशिवाय पत्रिका छापू नका. तुमच्या संस्थेचा आवाकाही पाहा. अनुदानित शाळा असेल तर कुठल्या पैशातून काय खर्च करता येतो, हे लेखापरीक्षकाला आधी विचारा.

आता मानपत्र. सगळ्या कार्यक्रमात मी सर्वांत जास्त वेळ यालाच देतो, कारण सन्मान कशाचा आहे हे फक्त तिथेच लिहिलेलं असतं. आपल्याकडची मानपत्रं बहुधा अशी असतात: ‘आपल्या अलौकिक प्रतिभेने देशाची मान उंचावणाऱ्या, ऋषितुल्य, ज्ञानतपस्वी व्यक्तिमत्त्वास…’ यातलं नाव बदलून हेच मानपत्र गायकाला दिलं तरी चालून जाईल. त्याऐवजी माणसाने केलेली एक गोष्ट लिहा, तारखेसह, साध्या शब्दांत. नारळीकरांसाठी लिहायचं असतं तर मी असं लिहिलं असतं: ‘शाळकरी मुलांनी सही मागितली, की आपण त्यांना विज्ञानाचा एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवायला सांगत होतात. त्याचं उत्तर आपण स्वतः लिहीत होतात आणि सही त्या उत्तराखाली करत होतात.’ एवढं वाचलं की सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या मुलालाही कळतं, की या माणसाला आज इथे का बोलावलंय.

मागणी पैशाची असेल तर तीही आकड्यानिशी मानपत्रात येऊ द्या. संशोधन आणि विकासावरचा आपल्या देशाचा एकूण खर्च २०२०-२१ साली सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) ०.६४ टक्के होता. ९ ऑगस्ट २०१७ ला देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि विद्यार्थ्यांनी मोर्चे काढून विज्ञान-तंत्रज्ञानासाठी ३ टक्के आणि शिक्षणासाठी १० टक्के मागितले होते. सत्कारमूर्तीने असा आग्रह धरला असेल, तर ‘संशोधनाविषयी तळमळ’ असं गुळमुळीत न लिहिता तो आकडा लिहा. व्यासपीठावर कोणीही बसलेलं असो, मानपत्र पूर्ण वाचलं जाऊ द्या. आणि ते सूत्रसंचालकाऐवजी एखाद्या विद्यार्थ्याकडून वाचून घ्या. आठवीतल्या मुलीला जे वाक्य अडखळल्याशिवाय वाचता येत नाही, ते बदला.

रकमेबद्दल माझं मत पक्कं आहे. लाख रुपये जमले असतील तर ते शास्त्रज्ञाच्या हातात देऊ नका. ज्यासाठी तो बोलतो त्या कामात घाला, आणि तसं करण्याआधी त्याला विचारा. आनंदाने हो म्हणेल.

कुठे घालायचे? आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या प्रयोगशाळा मी आतून पाहिल्या आहेत. बहुतेक ठिकाणी साहित्य अजिबात नाही असं नसतं. काचेचं कपाट असतं, आत चंचुपात्रं, परीक्षानळ्या, एखादा चांगला सूक्ष्मदर्शक असतो, आणि कपाटाला कुलूप असतं. शिक्षक आळशी आहेत म्हणून ते कुलूप नाही. वस्तू फुटली की रजिस्टरला नोंद, मग निर्लेखनाचा, म्हणजे ती वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा प्रस्ताव, मंजुरी, तपासणीच्या वेळी खुलासा, आणि एवढं करूनही खिशातून भरायची वेळ येईल ही धास्ती. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी असेल तर हे सगळं एकट्या विज्ञान शिक्षकावर पडतं. मग शिक्षक प्रयोग स्वतः टेबलावर करून दाखवतो आणि मुलं बाकांवरून माना उंच करून पाहतात. परीक्षानळी हातात न धरताच मूल दहावी होतं.

म्हणून मी सुचवतो की सत्कारमूर्तीच्या नावाने शाळांसाठी फुटतूट निधी काढा. वीस शाळा निवडा आणि प्रत्येकीला वर्षाला पाच हजार, फक्त फुटलेलं, संपलेलं, सांडलेलं भरून काढायला. दुकानाची पावती आणि एक पानी नोंद, एवढाच हिशेब. नोंदीत दोनच गोष्टी: मुलांनी स्वतःच्या हाताने कोणते प्रयोग केले, आणि काय फुटलं. ज्या शाळेत वर्षभरात काहीच फुटलं नाही, तिथे जाऊन प्रेमाने चौकशी करा, कारण तिथलं कुलूप बहुधा अजून उघडलेलं नाही. विज्ञानशिक्षणासाठी जन्मभर बोललेल्या माणसाला कळलं, की आपल्या नावाने मोहोळच्या शाळेत पन्नास मुलांनी आम्लाची परीक्षा स्वतः केली, तर चांदीच्या ताटापेक्षा त्याचं मोल त्याला नक्की जास्त वाटेल.

आतापर्यंतचं एकदा एकत्र सांगतो: निवड भूमिकेवर, मानपत्र एका घडलेल्या गोष्टीवर, पैसा शाळेच्या कपाटापर्यंत. आता दिवस आणि कार्यक्रम.

२८ फेब्रुवारी मी टाळेन. १९२८ सालच्या रामन परिणामाच्या घोषणेचा तो दिवस, १९८७ पासून राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो आणि त्याचं महत्त्व आहेच. पण त्या आठवड्यात प्रत्येक चांगल्या शास्त्रज्ञाला दहा ठिकाणची बोलावणी असतात, आणि आपल्या मुलांच्या डोक्यावर बोर्डाच्या परीक्षा असतात. १९ जुलै, नारळीकरांचा जन्मदिवस, चालेल. शाळा सुरू होऊन महिना झालेला असतो.

माझी पहिली पसंती मात्र ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला. सोलापूरचा अक्षांश सुमारे १७.७ अंश उत्तर. सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो, एकदा १० मेच्या आसपास आणि पुन्हा १-२ ऑगस्टला. मे महिन्यात मुलं सुट्टीवर असतात. ऑगस्टमध्ये शाळा भरलेली असते. दुपारी साडेबारा वाजून दोन-तीन मिनिटांनी मैदानात उभ्या काठीची सावली तिच्या बुंध्यात नाहीशी होते. बाराला का नाही, तर आपली घड्याळं ८२.५ अंश रेखांशाची वेळ दाखवतात आणि सोलापूर ७५.९ अंशाच्या आसपास आहे, म्हणजे सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे. वर त्या दिवसांत आणखी सहा मिनिटांचा फरक पडतो, पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या कललेल्या आसामुळे. हे मुलांना आधी न सांगता घड्याळ लावून मोजायला लावा आणि बाराच्या सुमाराला त्यांना पडणारा प्रश्न ऐका. ढगांची भीती वाटत असेल तर एक दिवस मागे-पुढे चालतो. सूर्याची भर दुपारची जागा दिवसाला पाव अंशच सरकते, म्हणजे मीटरभर काठीची सावली चारेक मिलिमीटरनेच वाढते. सत्कारमूर्ती त्या वेळी मैदानात मुलांबरोबर उभे असले, तर संध्याकाळच्या भाषणात त्यांना काय सांगायचं ते शोधत बसावं लागणार नाही.

पुण्याहून संध्याकाळच्या गाडीने निघालेला पाहुणा रात्री इथे पोहोचतो, म्हणजे दुसरा पूर्ण दिवस तुमच्या हातात राहतो. तो दिवस हारतुऱ्यांत घालवू नका. सकाळी केगावला घेऊन जा. विद्यापीठ तिथे, विज्ञान केंद्र त्याच बाजूला आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही तिथेच. बाहेरच्या शास्त्रज्ञाला आपल्या जिल्ह्यातलं संशोधन दाखवणं हाही सन्मानाचा भाग आहे. तेल्या हा डाळिंबावर जिवाणूमुळे होणारा रोग, आणि त्याने आपल्या किती बागा उजाड केल्या हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. संशोधनावर पैसा खर्च करणं म्हणजे काय, हे मुलांना त्या बागेत उभं करून जितकं समजावता येतं तितकं आकड्यांनी येत नाही.

मुलांच्या प्रश्नांबाबत एक काळजी घ्या. भरल्या सभागृहात माइक फिरवला की तीच दोन-चार धीट मुलं उठतात आणि ‘तुम्ही शास्त्रज्ञ कसे झालात’ असंच विचारतात. त्यापेक्षा महिनाभर आधी शाळांना पोस्टकार्डं वाटा. एका कार्डावर एकच प्रश्न, खाली मुलाचं नाव आणि इयत्ता. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट का लागतं, विजेच्या तारेवर बसलेल्या चिमणीला धक्का का बसत नाही, असे खरे प्रश्न हातात येतात. त्यांतले दहा-बारा शास्त्रज्ञाने मंचावर घ्यावेत आणि उरलेल्यांची उत्तरं तुमच्या शिक्षकांनी वाटून घेऊन पत्राने पाठवावीत. एकही कार्ड उत्तराशिवाय राहू देऊ नका. नारळीकरांनी पुण्यात उभारलेल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळकरी मुलांसाठी व्याख्यान ठेवण्याची प्रथा पडली ती याच विचाराने, की मुलांना शास्त्रज्ञ नियमित भेटला पाहिजे. एका सत्काराने ते होत नाही, पण पोस्टकार्डांचा क्रम मात्र तुम्ही वर्षभर चालवू शकता.

आणि हे प्रश्न फक्त मराठीत मागवू नका. आपल्या गावात पूर्व भागातली किती मुलं घरी तेलुगू बोलतात, दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटकडे कन्नड किती आहे, उर्दू शाळा किती आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीने तेलुगूत प्रश्न लिहिला तर तो तेलुगूतच वाचला जावा आणि मग मराठीत सांगितला जावा. भाषांतराला चार मिनिटं जास्त लागतात. प्रमुख पाहुण्यांचे स्वागत आटोपशीर ठेवलेत तर ती सहज मिळतात. व्यासपीठावर तीनच खुर्च्या ठेवा: सत्कारमूर्ती, तुमचे अध्यक्ष आणि एक विज्ञान शिक्षक. प्रमुख पाहुण्यांच्या तुमच्या प्रश्नाचं हेच उत्तर. जिल्ह्यातला एक विज्ञान शिक्षक दरवर्षी त्या खुर्चीवर बसावा.

भेटवस्तूसाठी बाहेर शोधू नका. सोलापुरी चादर द्या, पण नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाची, भोकं पाडलेली चार-सहा पुठ्ठ्याची कार्डंही तिच्याबरोबर द्या. भोक आहे तिथे ताणा, म्हणजे उभा धागा, उचलायचा, नाही तिथे सोडायचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मागावर आलेली हीच युक्ती पुढे गणनयंत्रांच्या पंचकार्डांत गेली. आपल्या गावाच्या हातात असलेलं विज्ञान शास्त्रज्ञाला असं समोर ठेवून दाखवता येतं, आणि ते द्यायला एखादा विणकर मंचावर आला तर फारच उत्तम.

आता अवघड मुद्दा. जो माणूस सरकारी खर्चाबद्दल, शाळांच्या अवस्थेबद्दल, छद्मविज्ञानाबद्दल बोलतो म्हणून तुम्ही त्याला बोलावताय, तो तुमच्या मंचावरही तेच बोलणार. एका संस्थेने ऐन वेळी वक्त्याला भाषणातला एक परिच्छेद गाळायला सांगितल्याचं मी समोर बसून पाहिलं आहे. वक्ते बोलले, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. तुमच्या कार्यकारिणीने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवावा: त्यांचं भाषण अडवायचं नाही, आधी तपासायला मागायचं नाही, आणि नंतर आभार मानताना ‘ही त्यांची वैयक्तिक मतं’ अशी पुस्तीही जोडायची नाही. एवढी तयारी नसेल, तर संशोधनासाठी पुरस्कार द्या. तोही चांगलाच आहे. मग भूमिकेचं नाव घेऊ नका.

नारळीकरांच्या नावाबद्दल. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेला, युनेस्कोचा कलिंग पुरस्कार १९९६ साली मिळवलेला आणि मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेला शास्त्रज्ञ, २० मे २०२५ ला आपल्यातून गेला. त्यांचं नाव आपल्याला जवळचं वाटणं साहजिक आहे. पण त्यांच्या कुटुंबीयांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. विचारताना पुरस्काराचे नियम, निवडीचा निकष आणि फुटतूट निधीची योजना सोबत जोडा, म्हणजे नाव कशाला लागणार हे त्यांना नीट कळेल. नकार आला तर ‘सोलापूर विज्ञान सन्मान’ असं साधं नाव ठेवा.

ऑगस्टची तारीख धरायची ठरली तर जानेवारीत निवड उरकून फेब्रुवारीत परवानगीची पत्रं गेली पाहिजेत. जूनमध्ये शाळा उघडल्या की पहिल्याच आठवड्यात पोस्टकार्डं वाटा. आणि पुढच्या जानेवारीत, पुढचं नाव काढायच्या आधी, पहिल्या सत्कारमूर्तीला एक पत्र लिहा: वीस शाळांत काय-काय फुटलं, किती कार्डांना उत्तरं गेली, आणि त्यांनी मागितलेल्या गोष्टींपैकी जिल्हा नियोजन समितीकडे तुम्ही काय मागितलं. मानपत्राचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सुचवतो.